खरी गोळी कुणाची

(बीडमधल्या एका खाजगी दवाखान्याचा पहिला मजला. दुपार कलत आलेली. केजचे किराणा दुकानदार ईश्वरप्पा आत वॉर्डात आहेत. दाराबाहेरच्या बाकावर त्यांची बायको नीलाबाई. समोर उभी योगिता. किडनीच्या नव्या औषधाचा अभ्यास या दवाखान्यात चालू आहे, त्याचं काम ती बघते.)

नीलाबाई : नारळपाणी न्हाई गं माय, नारळपाणी न्हाई. कितीदा सांगू? घरात नारळ फुटला तरी पाणी मी तुळशीला घालते.

योगिता : मावशी, मी तुम्हाला दोष देत नाहीये. फक्त आठवून सांगा. केळी? टोमॅटो? पालक?

नीलाबाई : पालक उकळून पाणी फेकून देते, परत उकळते. तुमच्याच त्या आहाराच्या बाईनं शिकवलं तसं. भाजी ऱ्हाती का त्याच्यात? नुसता चोथा. माणूस बिचारा मुकाट खातो.

योगिता : मीठ कुठलं वापरता? ते बीपीवाल्यांचं म्हणून मिळतं ना, कमी सोडियमचं, त्यात पोटॅशियम असतं. तुमच्या दुकानात असेलच.

नीलाबाई : दुकानात हाय. घरात न्हाई. माझ्या लेकाला इचारा, मृत्युंजयला. तो म्हणतो आई, दवाखान्यातली भाजी बरी लागती तुझ्यापरीस.

योगिता : पण ते कुठून तरी आलंच असणार ना? पोटॅशियम इतकं वाढलंय की छातीचे ठोके मंद पडले. पायातली ताकद गेली म्हणून ते न्हाणीत बसले, ते उगाच नाही.

नीलाबाई : मग गोळीनं आलं असंल. तुमच्या त्या नव्या गोळीनं. तिला कावून कुणी इचारत न्हाई? सकाळपासून सगळे माझ्याच चुलीमागं लागलेत.

योगिता : आम्हालाही आधी गोळीचीच शंका आली होती. त्या औषधानं काही जणांचं पोटॅशियम वाढतं, हे माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला रक्त तपासायला बोलवत होतो. आज सरांनी काकांचा कोड उघडून बघितला.

नीलाबाई : काय उघडलं?

योगिता : कोड. सुरुवातीला सांगितलं होतं बघा. या अभ्यासात निम्म्या लोकांना खरी गोळी मिळते, निम्म्यांना साधी. दोन्ही दिसायला सारख्या. कुणाला कुठली द्यायची ते कॉम्प्युटर ठरवतो. मला माहीत नसतं, सरांनाही माहीत नसतं.

नीलाबाई : हे सांगायचे मला ते. घरी येऊन हसायचे. म्हणायचे, नीले, डॉक्टरलाबी ठाव न्हाई, मग आपून कावून डोकं खाजवायचं. मला तवाच पटलं नव्हतं. डॉक्टरला ठाव न्हाई तर इलाज कोण करायलंय?

योगिता : माहीत असलं की नजर बदलते मावशी. खरी गोळी घेणारा माणूस बरा दिसायला लागतो डॉक्टरला. पेशंटलाही बरं वाटायला लागतं. म्हणून सगळ्यांचेच डोळे बांधायचे. पण जिवावर बेतलं तर त्या एका माणसापुरतं उघडून बघता येतं. सरांनी बघितलं. काकांची गोळी साधी होती.

नीलाबाई : साधी म्हंजी?

योगिता : म्हणजे औषध नसलेली. नुसती पूड दाबून केलेली.

नीलाबाई : पूड?

योगिता : हो.

नीलाबाई : वर्षभर पूड खाल्ली त्यांनी? अगं, सकाळी लिंगपूजा झाली की आधी ती गोळी. चहाचं नावबी काढू द्यायचे न्हाईत. पाहुणे बसलेले असले तरी म्हणायचे, थांबा, माझी किडनीची गोळी हाय. छाती काढून सांगायचे. आन् ती पूड?

योगिता : फसवलं नाही हो आम्ही. बाकी सगळी औषधं खरीच चालू होती, बीपीची, साखरेची. आणि सुरुवातीलाच सांगितलं होतं की साधीही मिळू शकते. त्यांनी ऐकलं, विचार केला, मगच हो म्हणाले.

नीलाबाई : ते हो म्हणले. मी कुठं म्हणले? जाऊ दे, तुझ्यावर काय राग काढू. तू लेकराच्या वयाची. मला काईच समजंना झालंय बघ. गोळी साधी हाय, पालक उकळलेला हाय, नारळ तुळशीला हाय. मग काय वाऱ्यातून आलं का ते?

जालिंदर : वहिनी! कसा हाय आप्पा? जय भीम ताई. फोन आला तसा निघालो, वडवणीच्या फाट्यावर गाडीच भेटंना. जलमभर काळीपिवळी चालवली म्या त्या रोडला, आन् आज एक जीप थांबंना. ओळख दावली तरी थांबंना.

नीलाबाई : बसा भाऊ, बसा. धाप लागलीय तुमाला. आत हायेत. डोळे मिटून पडलेत, मधनंच बोलतेत.

योगिता : काका, तुमची तब्येत कशी आहे? पायावर सूज नाही ना? तुमची अभ्यासाच्या तपासणीची तारीखही जवळ आलीय.

जालिंदर : माझं सोडा ओ. माझं काई न्हाई. त्याला काय झालं ते सांगा.

नीलाबाई : रक्तात काईतरी वाढलंय म्हणतेत. आन् गोळी तर साधी निघाली. नुसती पूड.

जालिंदर : कुणाची?

नीलाबाई : ह्यांची. तुमच्या दोस्ताची. आज मशिनीत उघडून बघितलं म्हणे.

जालिंदर : आप्पाची साधी?

योगिता : हो. तुमचं मी सांगू शकत नाही काका, तुमचा कोड बंदच आहे. तुम्ही दोघं एकाच बाकावर बसून या अभ्यासात आलात, पण चिठ्ठी ज्याची त्याची निघते.

जालिंदर : पक्कं का? मशिनीत गलती व्हत आसंल की.

योगिता : नाही होत. म्हणून तर गोळीचा प्रश्न मिटला. आता राहिलं खाणंपिणं. काका, तुम्ही दोघं इथे येता तेव्हा बाहेर काही खाता का? उसाचा रस वगैरे?

जालिंदर : न्हाई, न्हाई. वहिनीचे धपाटे असतेत. बिनमिठाचे. स्टँडावर बसून खातो. ताई, एक इचारू का?

योगिता : विचारा ना.

जालिंदर : समजा, एखाद्याच्या डबीत दुसऱ्याची गोळी गेली. कंपनीतच समजा.

योगिता : नाही जात. प्रत्येक डबीवर नंबर असतो.

जालिंदर : नंबर डबीवर असतोय. गोळीवर कुठं असतोय?

योगिता : गोळीवर कसा असेल? दोन्ही सारख्याच दिसल्या पाहिजेत ना. का हो?

जालिंदर : आपलं असंच. जीपच्या धंद्यात लई बघितलंय, टपावर एकाची पिशवी आन् उतरून घेऊन जातोय दुसराच.

योगिता : इथे तसं होत नाही. थांबा, सरांचा फोन येतोय. मावशी, घाबरू नका, पण संध्याकाळपर्यंत आकडा उतरला नाही तर त्यांना मशीनवर घ्यावं लागेल. डायलिसिस. मी रिपोर्ट बघून आलेच.

नीलाबाई : मशीन म्हणली ती.

जालिंदर : ऐकलं म्या.

नीलाबाई : ज्या मशीनीच्या भ्यानं इथं नाव घातलं, तीच मशीन. भाऊ, माझंच चुकलं असंल. परवा आमटीत चिंचंला जरा हात सैल पडला. तिला सांगितलं न्हाई मी. लाज वाटली. माणूस म्हणला, नीले, आज तोंडाला चव आली. मला वाटलं, खाऊ दे एक दिवस. माझ्या हातानंच घातलं मी त्यांना.

जालिंदर : चिंचंनं न्हाई झालं ते.

नीलाबाई : तुमाला काय ठाव? तुमी काय डॉक्टर हाव? चिंचंत असतंय म्हणे लई. त्या आहाराच्या बाईनं सांगितलतं. चटचट इसरते मी आजकाल.

जालिंदर : वहिनी, रडू नगा. मी सांगतोय ना, चिंचंनं न्हाई.

नीलाबाई : बरं, ही माझी पिशवी धरा जरा. मघापासून गोळी मागायलेत. सकाळची ऱ्हायली, सकाळची ऱ्हायली, एकच घोष. नर्सबाईला इचारलं तर ती म्हणली, इथलंच औषध चालू हाय, दुसरं काई नको. पण पूडच हाय तर पूड. काय बिघडतंय? त्यांच्या जिवाला तरी बरं वाटंल. ही बघा डबी.

जालिंदर : नगा देऊ.

नीलाबाई : कावून? आत्ताच म्हणली ना ती पोरगी, साधी हाय म्हणून.

जालिंदर : डबी हिकडं द्या वहिनी.

नीलाबाई : भाऊ, हात सोडा. काय करायलाव तुमी?

जालिंदर : त्या डबीत साध्याच न्हाईत. त्या डबीत माझ्याबी हायेत.

नीलाबाई : तुमच्या? तुमच्या कशा आल्या?

जालिंदर : आमी मिसळलेल्या हायेत. पहिल्या खेपंपासून.

नीलाबाई : मला समजंना. नीट सांगा.

जालिंदर : पहिल्याच दिवशी, हितनं डब्या घेऊन आमी स्टँडावर गेलतो. तुमचे धपाटे खाल्ले. आप्पा म्हणला, जालिंदर, दोघांतल्या एकाची खरी असंल, एकाची खोटी. डॉक्टरलाबी ठाव न्हाई. मी म्हणलं, असंल. तर तो म्हणला, दुकानात हरभऱ्याची दोन पोती आली आन् त्यातलं एक हलकं हाय एवढंच कळलं, कुठलं ते कळलं न्हाई, तर आमी काय करतो? दोन्ही एका जागी वततो आन् फावड्यानं खालीवर करतो. मंग कुठल्याच गिऱ्हाइकाच्या वाट्याला सगळंच हलकं येत न्हाई.

नीलाबाई : अगं माय! खरंच करतेत ते तसं. पुढच्या खोलीत, चादर हांथरून.

जालिंदर : तसंच केलं त्यानं. तुमचा धपाट्याचा डबा पुसला पंच्यानं. दोन्ही डब्या त्यात वतल्या. झाकण लावून खळखळ खळखळ वाजवलं. लोकं बघायली आमच्याकडं. मंग परत दोन डब्यात भरल्या, निम्म्या त्याच्या, निम्म्या माझ्या. तवापासून दर खेपंला.

नीलाबाई : हरभऱ्यावाणी? माणसाच्या औषधाची मिसळ केली तुमी हरभऱ्यावाणी?

जालिंदर : व्हय.

नीलाबाई : तरीच! गोळीला जिऱ्याचा वास येतोय म्हणायचे मला. मी म्हणायचे, औषधाला तरी सोडा, त्यालाबी नावं ठेवतेत! जिऱ्याचा वास! आन् तुमी? ते तर आडमुठे हायेतच, पण तुमी शहाणे ना? तुमाला न्हाई म्हणता येत नव्हतं?

जालिंदर : न्हाई आलं.

नीलाबाई : कावून न्हाई आलं?

जालिंदर : कसं सांगू वहिनी. तुमाला राग येईल.

नीलाबाई : राग आलेलाच हाय. सांगा.

जालिंदर : लहानपणी आमच्या गावात वाण्याच्या दुकानात गेलं की आमच्या हातावर गूळ वरून टाकायचे. हात लागू नये म्हणून. कवाकवा खाली पडायचा, मंग फुंकून खायचा. आन् ह्या माणसानं डबा म्होरं केला. म्हणला, घाल हात, दोघांचं एकच हाय आता. वहिनी, मला तवा किडनी दिसली न्हाई. औषध दिसलं न्हाई. तो डबाच दिसला. घातला हात.

नीलाबाई : आमच्या सासऱ्याच्या टायमाला आमच्या दुकानातबी तसंच टाकायचे.

जालिंदर : ठाव हाय मला. आप्पानंच सांगितलं.

नीलाबाई : ह्यांनी बंद केलं ते. गादीवर बसले त्याच दिवशी. सासरे बोलले न्हाईत ह्यांच्याशी किती दिवस.

जालिंदर : तेबी सांगितलं त्यानं. बढाई मारत न्हाई, पण सांगितलं.

नीलाबाई : बरं, मग आता? मला एवढंच समजतंय की ही गोळी द्यायची न्हाई. पुढं काय? त्या पोरीला सांगायला पाहिजे. ती अजून माझ्या पालकातच शोधायली.

जालिंदर : सांगायला पाहिजे. पण सांगितलं की माझं नाव कटतंय वहिनी. आत घेताना बजावलं होतं, ज्याची गोळी त्यानंच खायची. न्हाईतर बाहेर.

नीलाबाई : कटलं तर कटलं. पूडच असंल तुमची बी.

जालिंदर : तेच तर. आप्पाच्या डबीतनं पूड आली. मंग त्याला बाधली ती कुणाची? माझी. म्हंजी माझ्या डबीत खरी हाय. वर्षभर मी आभाळाकडं बघून इचारत होतो, माझी खरी का खोटी. आन् आज ह्या बाकावर बसल्या बसल्या कळलं. खरी हाय. लघवीतनं प्रोटीन जायचं ते कमी झालं होतं माझं. ताईच म्हणली मागच्या खेपंला, काका, छान चाललंय. आता कळलं की मला खरी गावलीय, आन् आत्ताच तोंड उघडून ती सोडायची.

नीलाबाई : शिवा शिवा.

जालिंदर : माझा धाकटा भाऊ मशीनीवर होता, बाळू. तुमाला सांगितलंय का कधी? मीच न्यायचो त्याला जीपमधी. उतरला की पायऱ्यावरच बसायचा. बोलायचा न्हाई, नुसता हाताची सुई टोचल्याली जागा दाबून धरायचा. गेला तवा सगळे म्हणले सुटला. मला मशीनीची भीती वाटती वहिनी. मरायची न्हाई वाटत तेवढी.

नीलाबाई : मी काय सांगू तुमाला भाऊ? मी बायको हाय त्यांची. मी म्हणणार, सांगा, आत्ताच्या आत्ता सांगा. पण वनिता असती इथं, तुमच्या घरची, तर ती म्हणली असती, गप बसा, डबी घेऊन घरी चला. आन् तिचंबी खोटं न्हाई.

जालिंदर : वनिता न्हाई म्हणणार तसं.

नीलाबाई : म्हणंल. मी म्हणले असते.

जालिंदर : डबी तर घेतली तुमच्या हातातनं. आता आप्पाला ती गोळी जात न्हाई. मी न्हाई बोललो तरी काई बिघडत न्हाई, असं मनात यायलंय. खरं सांगतो, लई यायलंय.

नीलाबाई : येऊ द्या. मनात काय, काईबी येतंय. मला मघाशी वाटलं, तुमची सगळीच गोळी ह्यांना मिळाली असती तर बरं झालं असतं. मग वाटलं, सगळी मिळाली असती तर आज ते ऱ्हायलेच नसते. काय चांगलं आन् काय वाईट, डोकं चालंना.

योगिता : मावशी, आकडा उतरला नाही. थोडासुद्धा नाही. सरही बुचकळ्यात पडलेत. इतक्या वेळात उतरायला पाहिजे होता. पोटातून अजून काही जातंय का, असं विचारत होते. काही खाल्लं का त्यांनी इथे आल्यावर?

नीलाबाई : पहाटे दिली मी एक. न्हाणीत पडायच्या आधीची न्हाई, नंतरची. गाडीत. म्हणले, माझी गोळी दे, गोळी दे. मी दिली. आन् मग ते इसरले की घेतली, परत मागायले.

योगिता : कुठली गोळी? अभ्यासाची? ती साधीच आहे ना, तिचं काही—

जालिंदर : साधी न्हाई ताई.

योगिता : काय?

जालिंदर : आप्पाची डबी आन् माझी डबी, दोन्ही आमी मिसळत होतो. पहिल्यापासून. एका डब्यात वतून, हालवून, परत वाटून. कुणाची खरी ते ठाव नव्हतं म्हणून. त्याच्या पोटात माझ्याबी गोळ्या गेल्यात. किती, ते देव जाणे. कधी दोन दिवस लागोपाठ पूड असंल, कधी आठवडाभर खरीच.

योगिता : काका... मी तुम्हाला सांगितलं होतं ना? दर वेळी सांगते मी! कुणाला द्यायची नाही, कुणाची घ्यायची नाही!

जालिंदर : दिली न्हाई ताई कुणाला. घेतलीबी न्हाई. आप्पा म्हणला, ताई मिसळायची न्हाई असं म्हणली न्हाई.

योगिता : अहो, हे कोण सांगेल? मिसळू नका, असं कुणाला सांगावं लागतं का? वर्षभर सर आणि मी तुमच्या दोघांच्या रिपोर्टकडे बघतोय. एकदा सुधारलेले, एकदा जैसे थे, पुन्हा सुधारलेले. दोघांचंही तसंच. मला वाटायचं रक्त घेताना माझंच काही चुकतंय. थांबा. थांबा जरा, आधी फोन करू दे. हॅलो, सर? योगिता. सर, ईश्वरप्पा काकांना खरं औषध गेलंय. हो. आज पहाटेही कदाचित गेलं असेल. नाही सर, कोड बरोबर आहे, डबीतल्या गोळ्या बदलल्यात. दुसऱ्या पेशंटच्या गोळ्या. मिसळल्या... हो सर, मिसळल्या म्हणजे मिसळल्याच, एका डब्यात घालून. तो पेशंट इथेच आहे माझ्यासमोर. त्यानंच सांगितलं. हो. हो, लगेच.

नीलाबाई : काय म्हणले?

योगिता : आता कळलं म्हणाले. औषध अंगात आहे असं धरून चालायचं, त्याप्रमाणे इलाज बदलतायत. मशीन तयार ठेवायला सांगितलंय, पण बहुतेक लागणार नाही म्हणाले. मावशी, तुमच्या चुलीचा काही दोष नाही. मी सकाळपासून उगाच तुमच्या मागे लागले.

नीलाबाई : चिंच घातली होती मी. परवा.

योगिता : असू दे चिंच.

नीलाबाई : मी आत बसते जरा त्यांच्यापाशी. गोळी मागितली तर आता काय सांगायचं ते तरी कळलं.

योगिता : काका, तुमची डबीही द्या. तुमचं रक्त आत्ताच घ्यायला सांगितलंय. तुमचं पोटॅशियम बघायला हवं.

जालिंदर : घ्या. खिशातच हाय. डबी सोडून मी कुठं जात न्हाई. ताई, माझं नाव गेलं का?

योगिता : ते मी ठरवत नाही.

जालिंदर : पर गेलं.

योगिता : औषध बंद होईल बहुतेक. तपासण्या चालू राहतील, बाकीचा इलाज चालू राहील. तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही कुणी.

जालिंदर : माझ्या डबीत खरी होती ना?

योगिता : मला माहीत नाही काका. खरंच माहीत नाही. तुमचा कोड उघडलेला नाही.

जालिंदर : तुमच्या तोंडावर दिसायलंय की.

योगिता : माझ्या तोंडाकडे बघू नका. दंड उघडा. मूठ आवळा.

जालिंदर : बाजारात येईल का ती गोळी?

योगिता : चांगली ठरली तर येईल. अजून काही वर्षं जातील. कितीतरी गावांत, कितीतरी दवाखान्यांत चाललाय हा अभ्यास, सगळ्यांचं जुळलं तर. आणि काका, तुम्ही गप्प बसला असता ना, तर कागदावर असं गेलं असतं की साध्या गोळीनं पोटॅशियम वाढलं. औषध बिनधोक दिसलं असतं. मग उद्या उमापूरच्या माझ्या वडलांना कुणी ती लिहून दिली असती, रक्त न तपासता.

जालिंदर : तुमच्या वडलांनाबी किडनीचं हाय?

योगिता : सुरुवात आहे. मूठ सोडा. हा कापूस दाबून धरा.

जालिंदर : मंग त्यांना घातलं न्हाई व्हय अभ्यासात?

योगिता : घालता येत नाही. मी काम करते ना इथे. आणि खरं सांगू? घालता आलं असतं तर मीही त्यांची डबी उघडून बघत बसले असते, वास घेत, चव घेत. तुमच्यावर ओरडले मी मघाशी. रागावू नका.

जालिंदर : ओरडायलाच पाहिजे होतं. वहिनीनं तर हरभऱ्यावाणी फटकारलं.

नीलाबाई : ताई, जागे झालेत. बोलायलेत नीट. छातीच्या ठोक्याची रेघ हालायली चांगली, असं नर्सबाई म्हणली. भाऊ, तुमाला इचारायलेत.

जालिंदर : काय म्हणतोय?

नीलाबाई : नर्स बोलताना ऐकलं वाटतं त्यांनी, काईतरी उघडलं म्हणून. तर इचारतेत, जालिंदरला इचारून ये, खरी कुणाची निघाली? त्याची का माझी?

जालिंदर : तुमी काय सांगितलं?

नीलाबाई : काईच न्हाई. आले बाहेर. त्यांची पूड होती हे सांगू का न्हाई, मला समजंना.

जालिंदर : नगा सांगू. त्याला कळलं ना, माझ्या वाट्याची निम्मी त्यानं खाल्ली, तर तो उठायचा न्हाई त्या खाटंवरून. त्याच्यापायी माझं नाव गेलं म्हणून बसंल कुढत. तुमी वळखता त्याला.

योगिता : काका, कधीतरी त्यांना सांगावंच लागेल. सर सांगतील.

जालिंदर : सांगा ना. बरा होऊन गादीवर बसू द्या, मंग सांगा, मी बी येतो केजला त्या दिवशी. वहिनी, धपाटे करा. डबा घासून घ्या तेवढा.

नीलाबाई : ते ठीक. पण आता काय सांगू? दाराकडं डोळे लावून बसलेत.

जालिंदर : आता म्हणावं, डॉक्टरलाबी ठाव न्हाई.